बहर धरताना

फळबागायतदाराच्या मराठीत बहर येत नाही, तो धरला जातो. 'यंदा मृग धरलाय', 'आंबिया सोडून दिला', 'पाणी राहिलं तर हस्त धरू' अशी वाक्ये परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठल्याही पारावर ऐकू येतात आणि त्यांत कुणाला काही वेगळे वाटत नाही. मला मात्र या एका क्रियापदात आपल्या बागाईतीचे मर्म दिसते. पाऊस येतो, उन्हाळा येतो, पाहुणा येतो. धरावे लागते ते लेकराचे बोट, बैलाचा कासरा, नांगराचे रुमणे. जे धरले ते सांभाळण्याचे काम मग धरणाऱ्याकडे लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या बागेचा वसंत हा असा धरलेला वसंत आहे, आणि त्याबद्दल माझे म्हणणे एवढेच की तो धरायचा की नाही, आणि धरला तर किती, हे फाल्गुन-चैत्रात विहिरीत डोकावून ठरले पाहिजे. पंचांगातली तारीख, शेजाऱ्याची बाग आणि गेल्या वर्षीचा भाव हे तिन्ही सल्लागार त्या वेळी बाजूला बसवावेत. ऐकायला हे सोपे आहे. पाळायला फार अवघड आहे, आणि त्या अडचणी खऱ्या आहेत म्हणूनच त्यांच्यासकट या म्हणण्याचा विचार करायला हवा.

ज्या मुलखात वसंत खरोखर चालत येतो तिथली गोष्ट आधी पाहू. टोरांटो किंवा शिकागोकडच्या मराठी घरांत मार्च लागला की खिडकीशी ठेवलेल्या ट्रेमध्ये मिरचीचे, वांग्याचे बी पडलेले असते, कारण बाहेरची जमीन अजून दगडासारखी असते. बर्फ वितळले तरी लगेच फावडे लावायचे नसते. मूठभर माती हातात दाबून बघतात. गोळा तसाच घट्ट राहिला तर ओल जास्त आहे, अजून थांबायचे; बोट लावताच भुगा झाला तर वाफा करायला हरकत नाही. वाटाणा, पालक ही थंडी सोसणारी पिके आधी, आणि खिडकीतली नाजूक रोपे त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी, रात्रीच्या गोठवणाऱ्या दवाची भीती सरल्यावर. टोरांटोत त्यासाठी व्हिक्टोरिया डेचा, म्हणजे 25 मेच्या आधीच्या सोमवारचा अंदाज धरतात. सफरचंद आणि द्राक्षाची छाटणी डोळे फुगण्याच्या आत उरकतात. या सगळ्या कामांत माळ्याची परीक्षा असते ती वाट पाहण्याची. झाड स्वतःहून झोपलेले असते. दिवस लहान झाले तसे त्याने पाने टाकली, अन्न मुळांत आणि खोडात साठवले, डोळ्यांवर खवल्यांची झाकणे ओढून घेतली. सफरचंदाच्या कित्येक जातींना सात अंशांखालच्या थंडीचे हजारभर तास मिळाल्याशिवाय नीट जागही येत नाही. झोप थंडीने दिली, जाग उबेने आणली. माणसाने मध्ये फक्त घाई करायची नाही.

धाराशिवात अशी सोय नाही. ऐन पौषातही इथला पारा गोठणबिंदूकडे फिरकत नाही. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण बालाघाटाच्या या माथ्यावर त्याच दोन महिन्यांत तापमान चाळिशी ओलांडते आणि रानात हिरवे म्हणावे असे थोडेच उरते. या भागातल्या शेतकऱ्याने आपला हिरवा सण कधी ठेवलाय ते पाहा. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, लोकांच्या तोंडी येळवस. रानात ज्वारी उभी, हरभरा भरात, आणि आंबिलाचे मडके नि भज्जीची पातेली घेऊन सगळे घर शेतात. ज्यांनी डिसेंबर-जानेवारीतला हा दिवस निवडला त्यांना आपल्या मातीचे वर्ष नेमके ठाऊक होते. आपला भराचा काळ हिवाळा, आणि झोपेची वेळ उन्हाळा. थंड मुलखात बर्फ जे करतो ते इथे ऊन करते: झाडाच्या तोंडचे पाणी काढून घेते. गोठलेल्या जमिनीतून मुळाला पाणी ओढता येत नाही, आणि भेगाळलेल्या काळ्या रानातूनही येत नाही. मुळाच्या जागी उभे राहून पाहिले तर दोन्ही संकटे एकाच जातीची आहेत.

इथे कुणी लगेच कडुनिंबाकडे बोट दाखवील. फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी येते, पाडव्याला आपण तीच गुळाबरोबर खातो. मग ही झोपेची वेळ कशी? आक्षेप रास्त आहे. पण ही झाडे आपल्या साठ्यावर आणि आपल्या मुळांच्या खोलीवर फुलतात. गावरान आंब्याची कोय जिथे पडली तिथून तिचे सोटमूळ सरळ खाली गेलेले असते. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते, लोक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीची पालखी आमराईत मुक्कामाला उतरते. भर उन्हाळ्यात लाखोंच्या यात्रेला सावली देऊ शकते ते आंब्याचेच झाड, कारण त्याचा हिशेब त्याने स्वतः, वर्षानुवर्षे खाली उतरून जुळवलेला असतो. त्यांचा वसंत येतो, धरावा लागत नाही. काही झाडांनी दुसरी वाट धरली. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकून देते, डोंगरउतारावर नुसत्या काड्या दिसतात, आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत ते तसेच पडून राहते. बोरही तसेच. बोरीची छाटणी एप्रिल-मेमध्ये करतात, ती झोपेत असताना, आणि छाटून झाल्यावर तिला पाऊस पडेपर्यंत पाणी द्यावे लागत नाही. जून आला की ती आपसूक फुटते.

आता त्याच चैत्रात, त्याच शिवारात, बोरीच्या बांधापलीकडे द्राक्षाची बाग आहे. तिथेही कात्री चालते. पण बोरीची कात्री झोपलेल्या झाडावर चालते आणि द्राक्षाची जाग्या वेलीवर. मूळच्या थंड, समशीतोष्ण मुलखातल्या या वेलीला तिकडे वर्षात एकदाच छाटतात, कारण हिवाळा तिला एकदा झोपवतो. आपल्याकडे तिला झोपच नाही. पालवत राहील, वाढत राहील, घड मात्र देणार नाही. म्हणून महाराष्ट्राने दोन छाटण्यांची रीत बसवली: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी घड घेण्यासाठी. खरड हा शब्द अगदी नेमका आहे. फळ उतरवून झाल्यावर महिनाभर विसावलेली वेल ओलांड्यापर्यंत खरवडून काढतात. वर्षाची सगळी वाढ खाली पडते आणि तारेवर फक्त काळपट आडवे ओलांडे नि त्यांच्यावर बोटभर खुंट्या उरतात. चाळीस अंशांच्या उन्हात ते ओलांडे उघडे पडतात, साल तापते, डोळे वाळतात, काही फुटतात काही मुकेच राहतात. म्हणून छाटणीनंतर दिवसातून दोन-तीनदा नुसत्या पाण्याची फवारणी ओलांड्यांवर करावी लागते, कुठे वरून शेडनेट ओढावी लागते. तापलेल्या सालीवर पाण्याचा हात फिरला की ती गडद होते आणि पुढच्या ओळीपर्यंत जाईतो पुन्हा फिकी पडलेली असते. तिकडे निसर्ग चार महिने बर्फाखाली जे करतो, ते इथे गडी-बाया पाठीवर पंप बांधून करतात. ऑक्टोबरात तर एकेका काडीचे डोळे हायड्रोजन सायनामाईडने हाताने पुसत जातात, ज्याला सगळे पेस्टिंग म्हणतात, म्हणजे न आलेल्या हिवाळ्याचे काम औषधाने भरून काढायचे. डाळिंबाचेही असेच. पाणी तोडून ताण द्यायचा, इथ्रेल मारून पानगळ करायची, मग छाटून खत-पाणी द्यायचे. ताण हा आपला शिशिर, इथ्रेल हे शिशिराचे वारे, आणि ठिबकचा पहिला थेंब हा वसंत.

ही कला हलकी नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्यासारख्या माणसाने, धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, आपल्या बागेतल्या वेगळ्या दिसलेल्या वेलींवर नजर ठेवून सोनाका आणि शरद सीडलेस या जाती निवडल्या, आणि त्या देशभर गेल्या. तुळजापूर आणि धाराशिव तालुक्यांतल्या बागा याच ज्ञानाच्या शेजारी वाढल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याने परक्या वेलीला आपला उन्हाळा शिकवला, तिचा हिवाळा स्वतः घडवला, ही मराठी मुलखातली फार मोठी कामगिरी आहे आणि तिच्याबद्दल मला निखळ आदर आहे. माझा प्रश्न त्या पुढचा आहे. घडवलेल्या वसंताची किंमत कशात मोजायची?

सहज सुचणारा उपाय असा, की मग थांबावे. एप्रिलऐवजी जूनमध्ये, पाऊस पडल्यावर छाटावे. पाणीही वाचेल, ऊनही टळेल. बोरीला जमते ते द्राक्षाला का जमू नये? याचे उत्तर डोळ्याच्या आत आहे. पुढच्या हंगामाचा घड ऑक्टोबरात जन्मत नाही. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात नव्या काडीच्या डोळ्यात त्याचा सूक्ष्म घड तयार होतो, आणि त्याला लख्ख ऊन लागते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छाटले तर हा काळ मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत येतो, आभाळ बहुतेक स्वच्छ असताना. जूनमध्ये छाटले तर तो ऐन आषाढाच्या ढगांत सापडतो. ऊन कमी, हवेत ओल जास्त, वेलीची नुसती पालेदार वाढ, आणि डोळ्यात घडाऐवजी बाळी तयार होते. ऑक्टोबरात छाटल्यावर वेल फुटते, हिरवीगार होते आणि हात रिकामे राहतात. म्हणजे ज्या उन्हाने विहीर आटते तेच ऊन घड बांधते. या वेलीला पाणी नसतानाच्या दिवसांतलाच वसंत हवा आहे. म्हणून पुढे ढकलण्याची वाट बंद आहे. उरतो तो किती धरायचा हाच प्रश्न.

आणि त्याचे उत्तर मोजता येते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पाण्याचे जे वेळापत्रक बसवले आहे त्यानुसार खरड छाटणीनंतरचे पहिले चाळीस दिवस सर्वांत तहानेचे. दिवसाचे बाष्पीभवन 8 ते 12 मिलिमीटर असेल तर हेक्टरी रोज सुमारे 33 ते 50 हजार लिटर पाणी लागते. एकराच्या भाषेत 13 ते 20 हजार, म्हणजे दहा-बारा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज एक ते दोन टँकर, ओळीने चाळीस दिवस. त्यानंतर डोळ्यात घड धरण्याचा काळ आला की गरज एकदम तिसऱ्या हिश्शावर येते, कारण तेव्हा वेलीला थोडे उपाशी ठेवणेच हिताचे असते. मला हा आकडा फार बोलका वाटतो. एकराला साडेसहा-सात लाख लिटर पाणी, तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा गावातल्या आडावर रांग लागलेली असते. ज्याच्याजवळ एवढे पाणी फाल्गुनाच्या शेवटी दिसते आहे त्याने निःशंक कात्री चालवावी. ज्याच्याजवळ निम्म्या बागेचे आहे त्याने निम्मी बाग खरडावी. उरलेल्या वेलींचा पाल्याचा पसारा कमी करून, बोदावर पाचट टाकून, जगण्यापुरते पाणी देऊन त्यांच्याकडून यंदा काही मागू नये. पूर्ण बाग छाटून पंचविसाव्या दिवशी पाणी संपले तर कोवळी फूट करपते, वेलीने मुळांतला साठा त्या फुटीवर खर्च केलेला असतो, आणि मग एका हंगामाऐवजी वेलच जाते.

विहिरीतले पाणी मोजायला आपल्याकडे परस हे माप होते: उभ्या माणसाने हात वर केल्यावर होते तेवढी खोली. विहीर किती परस, पाणी किती परस, हे लोक सहज सांगत. घरामागच्या जागेलाही आपण परसच म्हणतो, आणि त्यातल्या बागेला परसबाग. दोन शब्दांची कुळे वेगळी असली तरी या जिल्ह्यात ते एकमेकांचे सोयरे आहेत. विहिरीत परस नसेल तर घरामागे परस नाही. आता माप बदलले आहे. मोटर किती तास चालते यावर पाणी मोजतात, विहीर दोन तासांवर आली असे म्हणतात. हे मापही वाईट नाही, फक्त त्याबरोबर दुसरा प्रश्न विचारायला हवा की उपसलेली विहीर पुन्हा किती वेळात भरते. कारण आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या सांध्यांत, शंभर भागांत जेमतेम दोन-तीन भाग. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीसारखी इथली भूमी पाण्याने भरलेली नसते. बोअर खोल गेले म्हणून कातळ पाझरू लागत नाही. शिवाय मृगाचा पाऊस पिकाला मिळतो, विहिरीला लगेच मिळत नाही. या भागात विहिरींना खरी ओल बऱ्याचदा भाद्रपदात, परतीच्या पावसाच्या सुमाराला चढते. त्यामुळे चैत्रातला हिशेब मृगापाशी संपवला की चुकतो. पहिली सर चुकली, जुलैत ओढ बसली, तर काय, हे त्यात धरलेले असले पाहिजे.

ठिबक, आच्छादन, डॉगरिजचा खुंट आणि शेततळे आल्यावर हा जुना धाक कशाला, असे विचारणारे बरेच आहेत, आणि ते अभ्यासू शेतकरी आहेत. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. डॉगरिजच्या खुंटावरची वेल खारे पाणी आणि कमी पाणी दोन्ही पूर्वीच्या स्वमुळावरच्या वेलीपेक्षा चांगले सोसते. बोदावर उसाचे पाचट अंथरले की माती झाकली जाते, सकाळी दिलेली ओल संध्याकाळी हाताला लागते. ठिबकने तर दुष्काळी महाराष्ट्राची बाग अक्षरशः वाचवली. पण ही साधने असलेले पाणी पुरवून वापरतात, नसलेले आणत नाहीत. शेततळ्याचे उदाहरण घ्या. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तळी झाली, त्यांत निळ्या-काळ्या प्लॅस्टिकचा कागद पसरला, आणि पावसाचे वाहते पाणी अडवण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यात विहीर-बोअरचे पाणी उपसून ती भरली गेली. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी आपण वर आणून उन्हात ठेवले. चैत्र-वैशाखात उघड्या भांड्यातले पाणी इथे दिवसाला 10 मिलिमीटरच्या आसपास उडते. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत पंचाहत्तर दिवस धरले तर 750 मिलिमीटर होतात. आपल्याकडे सबंध वर्षात पडणारा पाऊस साधारण तेवढाच आहे. आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. ठिबकने वाचलेले पाणी विहिरीत क्वचितच राहते. त्यावर आणखी एक एकर लागतो. मग पाण्याची बचत होऊनही चैत्रात विहीर तितकीच रिकामी असते, आणि धोक्यात असते ती पूर्वीपेक्षा मोठी बाग.

सर्वांत जड आक्षेप पैशाचा आहे. थांबा म्हणणाऱ्याला कर्जाचा हप्ता भरावा लागत नाही. एकदा मांडव उभा केला, तारा ओढल्या, खुंटावर कलम केले की ती बाग दरवर्षी पिकलीच पाहिजे. एक वर्ष निम्मी सोडली तर मुलीची फी कुठून भरायची, हा प्रश्न कुठल्याही शास्त्राने सुटत नाही. बोर-सीताफळ लावा असे सांगणे सोपे आहे, पण त्यांचा बाजार द्राक्षासारखा नाही, आणि सीताफळ तर पिकले की दोन दिवसांत विकलेच पाहिजे. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की या आक्षेपाचा रोख शेतकऱ्याकडून उचलून दुसरीकडे वळवायला हवा. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीला पैसा मिळू लागला आणि महाराष्ट्राचे चित्र बदलले. लावण्यासाठी अनुदान आहे, तळ्यासाठी आहे, ठिबकसाठी आहे. न धरण्यासाठी काही नाही. ज्या वर्षी विहिरीत पाणी नाही त्या वर्षी निम्मी बाग विसाव्याला ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्या विसाव्याचा आधार मिळाला, विम्यात तो बसला, त्याचा हप्ता वर्षभर पुढे गेला, तर तो जुगार खेळणार नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालना-औरंगाबादकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तोडून सरपणाला गेल्या. एका हंगामाचे उत्पन्न सोडायची सोय नव्हती म्हणून पंधरा-वीस वर्षांची झाडे गेली. आणि 2016 चा पाडवा आठवा. पाडवा 8 एप्रिलला झाला, आणि 12 तारखेला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. खरड छाटणीचे तेच दिवस. ज्या आठवड्यात शहराला प्यायचे पाणी आगगाडीतून उतरत होते त्याच आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यांतल्या बागायतदाराला, आपली बाग खरडायची की नाही, हे एकट्याने ठरवायचे होते. असा निर्णय एकट्यावर सोडणे मला अन्यायाचे वाटते.

डाळिंबाला आणि मोसंबीला निदान पर्याय आहे. उन्हाळ्यात पोसावा लागणारा आंबिया सोडून पावसावर येणारा मृग धरला तर उन्हाळ्याचे पाणी लागत नाही, आणि पाण्याच्या हिशेबाने धाराशिवसाठी तोच शहाणपणाचा. पण डाळिंबात पावसाळी दमट हवेबरोबर तेल्या हा रोग येतो, आणि बाग एकदा तेल्याने धरली की मृगाची बचत औषधांत जाते; म्हणून पाणी मोजूनच मी थांबू शकत नाही, रोगाचा इतिहासही मोजावा लागतो. ज्या बागेत तेल्या नाही तिथे मृग, आहे तिथे पावसाळा सरताना येणारा हस्त, आणि आंबिया फक्त ज्याची विहीर खरोखर उन्हाळ्यात टिकते त्याने. आंबिया धरला तरी भीती संपत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारा कोसळल्या तेव्हा द्राक्षाचे तयार घड आणि आंब्याचा मोहर दोन्ही एका दुपारीत गेले. थंड मुलखात अवेळी पडलेल्या गोठवणाऱ्या दवाने कळी मरते, आपल्याकडे अवेळी पडलेल्या गारेने. धोक्याची तारीख तिकडे अंदाजाने तरी सांगता येते.

हे सगळे मोठ्या बागेचे झाले, पण घरामागच्या चार वाफ्यांनाही तोच नियम लागू आहे, आणि तिथे तो पाळणे सोपे आहे. चैत्रात परसात नवे लावू नये. जे आहे त्यातले कढीपत्ता, शेवगा, लिंबू, जास्वंद एवढे जगवायचे ठरवावे, मोरीचे पाणी अळूच्या नि केळीच्या बुडाशी वळवावे, आणि दोडका-कारल्याचे बी मृगापर्यंत डब्यात राखेत ठेवावे. लिंबासारख्या झाडाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर झाकण ठेवतात. मडके झिलई न दिलेले हवे. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी बाहेर येते ते भोवतालची माती जेवढे ओढील तेवढेच. माती कोरडी तर जास्त, ओली तर कमी. न विजेची गरज, न ठिबकची नळी तुंबण्याची कटकट. या जिल्ह्याला मडके काही परके नाही. तेर हे गोरोबाकाका कुंभारांचे गाव, चैत्र वद्यात त्यांची यात्रा तिथे भरते, आणि थापटण्याने मडके पारखावे तशी त्यांनी संतांची डोकी पारखल्याची कथा प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याही आधी, सातवाहनांच्या काळी, तगर नावाने हे गाव रोमपर्यंतच्या व्यापाराला जोडलेले होते, आणि तिथल्या मातीतून भाजक्या मातीच्या मूर्ती निघाल्या त्या गावच्या संग्रहालयात आहेत. दोन हजार वर्षे जिथे माती भाजली जाते तिथे लिंबाच्या मुळाशी एक मडके पुरायला अवघड नाही. यात्रेहून येताना दोन आणावीत, टिचकी मारून आवाज ऐकून घ्यावीत, आणि झाडाच्या पसाऱ्याच्या कडेला, सावलीच्या बाजूने पुरावीत. वैशाखात ते मडके दुसऱ्या दिवशीच कोरडे ठणठणीत होते. मग एखाद्या ज्येष्ठातल्या सकाळी झाकण उचलावे आणि चार दिवसांपूर्वी भरलेल्या मडक्यात पाणी अजून अर्ध्यावर दिसावे. तेव्हा पाऊस मुळापर्यंत पोचलेला असतो, आणि डब्यातले दोडक्याचे बी बाहेर काढायला हरकत नसते.